शनिवारचं सोमवारी दिसत नाही

सोमवारी सकाळी सात वाजता पॅथॉलॉजी लॅबचं शटर वर जातं, तेव्हा बाहेर दोन प्रकारची माणसं उभी असतात: उपाशी आणि पस्तावलेली.

उपाशी मंडळी चटकन ओळखू येतात. हातात डॉक्टरांची चिठ्ठी, पिशवीत पोळीभाजीचा डबा, आणि "जेवल्यावर दोन तासांनी परत यायचं ना?" हा प्रश्न रांगेतल्या प्रत्येकाला विचारून झालेला. मधुमेह हा आपल्याकडे चारचौघांत मिरवण्याचा आजार आहे. "माझी उपाशीपोटी 140" असं एक जण म्हणाला, की दुसरा "एवढीच?" म्हणून आपला आकडा काढतो. पस्तावलेली माणसं मात्र रांगेत नसतात. ती समोरच्या झेरॉक्सच्या दुकानाशी मोबाईलमध्ये डोकं घालून रांग ओसरायची वाट बघतात. रांग ओसरली की चार पावलं पुढे येतात. तेवढ्यात एखादे आजोबा खिशातून लघवीची बाटली काढत आले, की पुन्हा चार पावलं मागे.

पुण्यातल्या एका लहानशा लॅबच्या काउंटरवर माझं निम्मं आयुष्य गेलं. या दुसऱ्या गटाला आम्ही आपसांत 'शनिवारवाले' म्हणतो. शनिवारी रात्री काहीतरी घडलेलं असतं, रविवार इंटरनेटवर गेलेला असतो, आणि सोमवारी त्यांना रक्त द्यायचं असतं. आमच्यापर्यंत पोचेतो त्यांना बरंच वैद्यकशास्त्र आलेलं असतं, फक्त टेस्टचं नाव मोठ्याने घेता येत नसतं.

"काका, एक टेस्ट करायची होती."

"कुठली?"

"रक्ताची."

"लघवीची सोडली तर इथे सगळ्या रक्ताच्याच असतात. नाव काय टेस्टचं?"

"ते… म्हणजे मी मित्रासाठी विचारतोय."

"मित्र कुठाय?"

"त्याला आज जमलं नाही."

"मग रक्त कोणाचं घ्यायचं?"

यावर थोडा वेळ कोणीच बोलत नाही. मग तो मोबाईल माझ्याकडे वळवतो आणि एका शब्दावर बोट ठेवतो. हर्पीस. का कोण जाणे, सगळ्या शनिवारवाल्यांची पहिली धाव या एका आजाराकडे असते. मला वाटतं, इंटरनेटवर त्याचे फोटो सगळ्यांत जास्त आणि सगळ्यांत वाईट आहेत म्हणून.

फॉर्मवर 'कोणत्या डॉक्टरांनी पाठवलं' असा रकाना असतो. तिथे अशा वेळी आम्ही 'सेल्फ' लिहितो. आमच्या संगणकाच्या हिशेबाने डॉक्टर सेल्फ हे शहरातले सर्वांत चालणारे डॉक्टर आहेत. त्यांना फी नाही, दवाखाना नाही, आणि त्यांचं निदान नेहमी भयंकर असतं.

उदाहरणादाखल 2025 सालचा एक शनिवारवाला घेऊ. (तो एक माणूस नाही. ओळख पटू नये म्हणून चार-पाच जणांचा मिळून मी एक केला आहे. तारखा मात्र पंचांगातल्या आहेत आणि येडेपणा अस्सल.) शनिवार, 28 जून. लोणावळा, पाऊस, मित्रमंडळी. पुढचं मी विचारलं नाही. सोमवारी 30 तारखेला स्वारी काउंटरवर. हर्पीसची टेस्ट हवी आणि संध्याकाळपर्यंत रिपोर्ट हवा.

काउंटरवरच्या माणसाची एक पंचाईत असते. त्याला बरंच काही माहीत असतं, पण सांगायची मुभा नसते. सल्ला द्यायचा डॉक्टरांनी. आम्ही आकडा काढायचा आणि रिपोर्टच्या तळाशी 'प्लीज कोरिलेट क्लिनिकली' असं बारीक अक्षरात छापून हात झटकायचे. तरी एका बाबतीत मी ही मर्यादा मोडतो आणि मोडत राहणार. शनिवारी रात्रीपासून सोमवारी सकाळपर्यंत जेमतेम 36 तास झालेले असतात. धावायचंच असेल तर या वेळेत हर्पीससाठी नव्हे, एचआयव्हीसाठी धावावं. संसर्गाचा खरा धोका असेल, तर 72 तासांच्या आत सुरू करायची औषधं मिळतात. त्यांना पीईपी म्हणतात. ती लागतील का, हे डॉक्टर ठरवतात. जितक्या लवकर जाल तितकं बरं, आणि 72 तास उलटले की तो दरवाजा बंद. हे सांगून मी त्याला आधी डॉक्टरांकडे पिटाळला. तो गेला. "गरज नाही" असं ऐकून तासाभरात परत आला आणि म्हणाला, "ते झालं. आता हर्पीसची घ्या."

"आज काही दिसणार नाही," मी म्हटलं.

"का? मशीन जुनं आहे का?"

मशीनचा दोष नाही. हर्पीस सिम्प्लेक्सचा विषाणू रक्तात हिंडत बसत नाही. तो त्वचेतून शिरतो, मज्जातंतूच्या वाटेने आत सरकतो आणि मज्जातंतूच्या गाठीत जाऊन मुक्काम ठोकतो. ओठावरचा असेल तर कवटीच्या तळाशी, खालचा असेल तर कण्याच्या शेवटाशी. रक्तात शोधायची असतात ती प्रतिपिंडं. सोसायटीचा वॉचमन डोळ्यांसमोर आणा. पाहुणा आला, वर गेला, पंखा लावून झोपलासुद्धा, तरी खाली वहीत नोंद नाही. दोन-तीन आठवड्यांनी वॉचमनला आठवतं, तेव्हा तो नाव लिहितो. रक्ताची टेस्ट पाहुण्याला शोधत नाही, ती ही वही तपासते. काहींच्या शरीरात ही नोंद तिसऱ्या आठवड्यातच होते, बहुतेकांच्या 12 आठवड्यांपर्यंत होते, आणि काही वॉचमन इतके निवांत असतात की 16 आठवडे किंवा त्याहूनही जास्त घेतात. शिवाय या वहीत दोन प्रकारच्या नोंदी असतात. आयजीएम ही घाईघाईत पेन्सिलीने केलेली. तिच्यात पाहुणा आज आला की दहा वर्षांपासून येतोय, आणि याच घरचा की शेजारच्या, यातलं काहीच धड कळत नाही. आयजीजी ही शाईने केलेली. उशिरा होते, पण खोडली जात नाही.

थोडक्यात, सोमवारी केलेली टेस्ट शनिवारबद्दल अवाक्षर काढत नाही. ती शनिवारच्या आधीच्या सगळ्या आयुष्याबद्दल बोलते. याचा उपयोग अजिबात नाही असं नाही. आज निगेटिव्ह आणि तीन महिन्यांनी पॉझिटिव्ह असा निकाल लागला, तर संसर्ग मधल्या काळातला हे नक्की होतं. पण एवढा शांतपणे विचार करणारा माणूस सोमवारी सात वाजता झेरॉक्सच्या दुकानाशी उभा नसतो.

त्याने रक्त दिलंच. वर विचारलं, "उपाशी नाहीये, चालेल?" चालतं. या टेस्टसाठी उपाशी राहावं लागत नाही. पण आपल्या लोकांना उपाशी न राहता केलेल्या टेस्टचा भरवसा वाटत नाही.

मंगळवारी संध्याकाळी रिपोर्ट तयार झाला. 'एचएसव्ही 1 आणि 2, आयजीजी: पॉझिटिव्ह.' आमच्या संगणकातून तो आपोआप व्हॉट्सअॅपवर गेला. कुठल्या नंबरवर? फाइलवर असेल त्या. फाइल घरची होती, कारण वडिलांचं कोलेस्टेरॉल वर्षानुवर्षं आमच्याकडेच तपासलं जातं. आणि फाइलवर नंबर वडिलांचा.

वडिलांनी चष्मा लावून रिपोर्ट वाचला. त्यातला 'हर्पीस' हा एकच शब्द त्यांच्या ओळखीचा निघाला, कारण त्यांच्या थोरल्या भावाला कमरेवर नागीण झाली होती तेव्हा डॉक्टरांनी 'हर्पीस झोस्टर' असं लिहिलं होतं. त्यांनी स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून जाहीर केलं, "आपल्या पोराला नागीण झालीय."

घरात नागीण निघाली की पहिला प्रश्न आजीचा असतो. तो तिने विचारला. "तोंडाला तोंड तर लागलं नाही ना?"

आजी पुरळाबद्दल विचारत होती. नागिणीचा विळखा पुरा होऊन टोकाला टोक मिळालं की माणूस दगावतो, अशी जुनी समजूत आहे. नातवाने प्रश्न लोणावळ्याबद्दल ऐकला आणि तो पांढराफटक पडला. त्याचा चेहरा बघून आजीची खात्री पटली की विळखा जवळजवळ पुरा झालेला आहे. "कुठे आहे, दाखव." काहीतरी दाखवायला हवं म्हणून त्याने शर्ट वर करून पाठ केली. पाठीवर काहीच नव्हतं. आजीला मोतीबिंदू. तिने गेरू उगाळला आणि स्वच्छ, निरोगी पाठीवर खांद्यापासून कमरेपर्यंत लेप दिला. असे चार दिवस. पाचव्या दिवशी आजीने पाठ तपासली आणि नागीण उतरल्याचं घोषित केलं. गेरूचा असा शंभर टक्के गुण त्या घराने कधीच पाहिला नव्हता.

नागीण हा वेगळाच विषाणू आहे. लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या की तो शरीरात दबून राहतो आणि पुढे वय झालं, प्रतिकारशक्ती खालावली की एखाद्या मज्जातंतूच्या पट्ट्यात उमटतो. तो हर्पीस सिम्प्लेक्सच्याच कुळातला, पण त्याची टेस्ट वेगळी, गोष्ट वेगळी. आणि एक मज्जातंतू शरीराच्या एकाच बाजूला पसरत असल्याने नागीण सहसा मध्यरेषा ओलांडत नाही. तिची टोकं मिळत नाहीत ती गेरूमुळे नव्हे, शरीराच्या रचनेमुळे. हे आजीला सांगायला मी गेलो नाही. तिने एका घराची अब्रू वाचवली होती.

गेरू धुऊन नातू माझ्याकडे आला. "काका, दोन दिवसांत पॉझिटिव्ह? तुम्ही तर म्हणालात दिसणार नाही!"

शनिवारचं दिसत नाहीच. दिसलं ते पाळण्यातलं. हर्पीस सिम्प्लेक्सचे दोन प्रकार आहेत. एक नंबरचा बहुतेककरून तोंडाचा. ताप येऊन गेल्यावर ओठाच्या कडेला पुटकुळ्यांचा घोस येतो ना, तो. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या अंदाजाप्रमाणे पन्नाशीच्या आतल्या 64 टक्के लोकांमध्ये, म्हणजे जगातल्या सुमारे 380 कोटी माणसांमध्ये, तो आहे. मिळतो लहानपणी, बारशात, मुंजीत, लग्नात. ओठावर पुटकुळी असलेल्या कुठल्यातरी प्रेमळ मावशीने कडेवर घेऊन पापा घेतला की झालं. दोन नंबरचा मुख्यतः शरीरसंबंधातून पसरतो. 15 ते 49 वयाच्या सुमारे 52 कोटी लोकांमध्ये तो असल्याचा अंदाज आहे. आपल्याकडे पुष्कळदा दोन्ही प्रकारांची मिळून एकच टेस्ट केली जाते. तिच्यात मावशी आणि लोणावळा यांत भेद होत नाही. म्हणून करायचीच तर दोन प्रकार वेगवेगळे सांगणारी करावी. तशी केली. एक नंबर पॉझिटिव्ह, आकडा भरभक्कम. दोन नंबर निगेटिव्ह.

"म्हणजे मावशी?" तो म्हणाला.

"मावशी, आत्या, कोणीही." एक नंबरचा विषाणू खालीही होऊ शकतो, आणि रक्ताची टेस्ट जागा सांगत नाही, पण सोमवारी दिसलेलं आयजीजी शनिवारचं नव्हे, एवढं नक्की. पुढच्या राखीपौर्णिमेला मावशी घरी आली तेव्हा तो तिच्याशी बोलला नाही, असं कळलं.

आता माणूस इथे थांबेल की नाही? तो चौथ्या दिवशी दुसरीकडे जाऊन आयजीएम करून आला होता. त्याला एका ऑफरमध्ये 'संपूर्ण पॅकेज' मिळालं होतं. ते पॉझिटिव्ह आलं. या आयजीएमने आजवर जेवढी घरं हलवली, तेवढी खुद्द विषाणूने हलवली नसतील. ते प्रकार ओळखत नाही, जुनाच विषाणू पुन्हा डोकं वर काढतो तेव्हाही पॉझिटिव्ह येऊ शकतं, आणि कधी काहीच नसतानाही येतं. अमेरिकेच्या सीडीसीने हर्पीससाठी ही टेस्ट करू नका असं स्पष्ट सांगितलेलं आहे. आपल्याकडे ती 'टॉर्च' नावाच्या गठ्ठ्यात बांधून कित्येक गरोदर बायकांच्या माथी मारली जाते. मग 'हर्पीस आयजीएम पॉझिटिव्ह' असा कागद हातात पडतो, सासूबाई सुनेकडे बघतात, सून नवऱ्याकडे बघते आणि नवरा पंख्याकडे. गरोदरपणात खरा प्रश्न वेगळाच असतो: शेवटच्या महिन्यांत पहिल्यांदाच संसर्ग झाला किंवा बाळंतपणाच्या वेळी अंगावर फोड असले, तर बाळाला धोका. तेव्हा पूर्वी कधी फोड आले असतील तर तेही प्रसूतीच्या डॉक्टरांना न लाजता सांगावं. ते त्या कागदापेक्षा कामाचं.

सहा जुलैला आषाढी एकादशी होती. लोणावळ्याचा आठवा दिवस. हा सकाळी हजर. "आज घेता? उपास आहे."

"साबुदाणा खाऊन या, तरी तेच येईल," मी म्हटलं. "12 आठवडे थांबा."

"बारा?"

त्याने खिशातून मोबाईल काढून दिवस मोजले. 20 सप्टेंबर. मग त्याचा चेहरा पडला, कारण दुसऱ्या दिवशी सर्वपित्री अमावास्या. "पितृपक्षात रिपोर्ट घ्यायचा?" संसर्गाच्या भीतीत, खोट्या नागिणीत, पाठीवरच्या गेरूत ज्याचा देवाधर्माशी संबंध आला नव्हता, त्याला एकदम पितृपक्ष आडवा आला. "16 आठवडे धरले तर?" त्याने पुन्हा मोजलं. 18 ऑक्टोबर, धनत्रयोदशी. धन्वंतरीचा दिवस. हे त्याला पसंत पडलं. मी म्हटलं, बाबा रे, प्रतिपिंडं कालनिर्णय बघत नाहीत. पण मनात आलं, कुठलाही मुहूर्त पाळून का होईना, थांबतोय ना!

त्याने त्या दिवसापासून घरात स्वतःचा टॉवेल वेगळा केला. साबण वेगळा, ताट-वाटी-भांडं वेगळं, आणि तो स्वतःच घासायचा. शनिवारी बाहेर जाणं बंद. मित्र बंद. श्रावण लागायच्या आदल्या दिवशीची, दिव्याच्या अवसेची गटारीसुद्धा त्याने मुकाट्याने चुकवली. रात्री नऊला अंथरुणात. आईने हे सगळं आषाढी एकादशीपासून सुरू झालेलं पाहिलं आणि तिला वाटलं, पोराने चातुर्मास धरला. ती चाळीतल्या बायकांना सांगू लागली, "सोवळं पाळतोय हो! स्वतःचं ताट स्वतः घासतो." दोन घरांतून त्याला मुलगी सांगून आली.

खरं तर या विषाणूसाठी ताट-वाटी वेगळी करायची काही गरज नसते. तो त्वचेला त्वचा लागून पसरतो. ताटातून, टॉवेलमधून, संडासाच्या भांड्यावरून लागत नाही. पण चार महिने पोरगा आपलं ताट आपण घासत असताना हे शास्त्र त्याच्या आईपर्यंत पोचवणं मला बरं वाटलं नाही.

तिसऱ्या आठवड्यात तो धावत आला. फोड आला होता. मी म्हटलं, मग रक्त कशाला देता? डॉक्टरांकडे जा, आज, आत्ता. "तो सुकू दे, मग जातो," तो म्हणाला. "असं कसं दाखवायचं?"

हर्पीसच्या बाबतीत वेळेचं सगळं गणित लोक नेमकं उलटं करतात, ते असं. फोड नसेल तेव्हा थांबायचं असतं, तर माणसं सोमवारी सात वाजता धावत येतात. फोड असेल तेव्हा धावायचं असतं, तर तो सुकेपर्यंत लपवून ठेवतात. ताज्या फोडातलं पाणी काडीने टिपून घेतलं आणि पीसीआर केली, तर विषाणू आहे का आणि कुठल्या नंबरचा, हे थेट कळतं. तिथे 12 आठवडेही नाहीत आणि 16 ही नाहीत. संसर्ग झालाच असेल तर फोड बहुधा 2 ते 12 दिवसांत येतो, आणि दिसल्यापासून एक-दोन दिवसांत नमुना घेतलेला उत्तम. खपली धरली की हाती काही लागत नाही. आणि पुष्कळांना फोड येतच नाहीत, किंवा आले तरी डास चावला, घामोळं आलं, उष्णता झाली असं म्हणून विसरले जातात. अमेरिकेत 14 ते 49 वयोगटात दोन नंबरचा विषाणू असलेल्यांपैकी सुमारे 87 टक्क्यांना त्याचं निदान कधी झालेलंच नसतं, असं सीडीसी सांगते.

त्याला जाववत नव्हतं, त्याला कारण दाराबाहेरची पाटी: 'त्वचा व गुप्तरोगतज्ज्ञ'. आपल्याकडे या पाटीखालून आत शिरणारा प्रत्येक माणूस रस्त्यावरच्या लोकांना कळेल अशा बेताने हाताला खाजवत शिरतो, की बघा बुवा, आपण पाटीच्या पहिल्या अर्ध्यासाठी आलोय. हाही तसाच खाजवत गेला. डॉक्टरांनी दिव्याखाली पाहिलं आणि सांगितलं की दाढीच्या ब्लेडने नको तिथे केलेल्या हजामतीची ही पुळी आहे. रेझर बदला.

ज्यांना पाटीचीच धास्ती, त्यांच्यासाठी सरकारी रुग्णालयांत 'सुरक्षा क्लिनिक' असतात. नाव सौम्य आहे. तिथे औषधांच्या रंगीत पाकिटांची पद्धत चालत आली आहे. हर्पीसच्या व्रणांसाठीचं पाकीट लाल, आत अॅसायक्लोव्हिर. हे औषध ज्या बाईंच्या संशोधनातून आलं, त्या गर्ट्रूड एलियन यांना 1988 साली नोबेल मिळालं. विषाणू कायमचा जात नाही, पण औषधाने त्रास कमी होतो, वारंवार येणं आटोक्यात येतं आणि जोडीदाराला देण्याची शक्यताही कमी होते. हे औषध मलमाच्या रूपात अमेरिकेत मंजूर झालं ते 1982 साली, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये 'टाइम' साप्ताहिकाने हर्पीसला मुखपृष्ठावर नेऊन जगभर त्याची नाचक्की केली. औषध आणि बदनामी एकाच वर्षी बाजारात आली. खप कशाचा जास्त झाला हे काउंटरवर बसून मी रोज बघतो.

नऊ ऑगस्टला राखीपौर्णिमा. सहा आठवडे. बहिणीने राखी बांधली, आणि ओवाळून होताच हा ओवाळणी विसरून लॅबमध्ये. दोन नंबरचं आयजीजी 1.3 आलं. आमच्या कीटवर 0.9 च्या खाली निगेटिव्ह, 1.1 च्या वर पॉझिटिव्ह, मधलं अधांतरी. म्हणजे कागदावर लाल अक्षरात 'पॉझिटिव्ह'. त्याने खुर्चीत बसून घेतलं. मी त्याला पाणी दिलं आणि डॉक्टरांकडे पाठवलं, कारण हा आकडा फसवा आहे हे डॉक्टरांच्या तोंडून ऐकलेलं बरं. 1.1 ते 3 यांमधले आकडे पुष्कळदा खोटे निघतात. सीडीसीच्या 2021 च्या मार्गदर्शनात लिहिलंय की तीनच्या खालचा निकाल दुसऱ्या पद्धतीने पडताळून घ्यावा. त्यासाठीची सर्वांत नावाजलेली टेस्ट, वेस्टर्न ब्लॉट, सिअॅटलच्या युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनमध्ये होते. त्याने मला विचारलं, "सिअॅटलला होम कलेक्शन आहे का?"

हा फसवेपणाच कारण आहे, की काही त्रास नसलेल्या माणसाने उगाच ही टेस्ट करू नये असं अमेरिकेतल्या प्रतिबंधक आरोग्यसेवेच्या तज्ज्ञसमितीने 2016 साली सांगितलं आणि 2023 साली पुन्हा सांगितलं. जोडीदाराला आजार आहे, फोड येतात पण नमुन्यात काही सापडत नाही, अशा वेळी तिला अर्थ असतो. दिवाळी ऑफरच्या 'संपूर्ण शरीर तपासणी'त ती घालणाऱ्यांना कोणीतरी हे वाचून दाखवावं. मी दाखवलं असतं, पण मला पगार तिथूनच येतो.

20 सप्टेंबर उजाडला. 12 आठवडे. पितृपक्ष असूनही तो आलाच. सोबत एचआयव्ही आणि सिफिलिसची टेस्टही होती, कारण शनिवारच्या भीतीचा पुरता निकाल लावायचा तर या दोन्ही करायला हव्यात: चौथ्या पिढीच्या एचआयव्ही टेस्टला 45 दिवस पुरतात, सिफिलिसला 90 धरलेले बरे. दोन्ही निगेटिव्ह. हर्पीस दोन नंबर, 0.4. निगेटिव्ह. राखीपौर्णिमेचा 1.3 खोटा होता. संसर्ग खरा असता तर आकडा वर चढला असता, उतरला नसता.

त्याने रिपोर्ट दोनदा वाचला. "पण 16 आठवडेही लागतात म्हणालात."

"काहींना."

"मग मी धनत्रयोदशीला येतो."

आला. नवा शर्ट, हातात पेढ्यांचा पुडा, धन्वंतरीच्या तसबिरीला हार घालायची आमची गडबड चाललेली. 0.4. त्याने तसबिरीला नमस्कार केला, मला केला, रक्त काढणाऱ्या मुलीलाही केला आणि पेढे वाटले. ताट-वाटी मात्र तो अजून वेगळीच घासतो, कारण आता थांबायचं तर आईला काय कारण सांगायचं हा प्रश्न आहे, आणि मुलीकडची मंडळी तुळशीच्या लग्नानंतर बघायला येणार आहेत.

जाताना त्याने काउंटरवर वाकून हळूच विचारलं, फाइलवरचा मोबाईल नंबर बदलून मिळेल का. मिळतो. दोन मिनिटांचं काम आहे आणि पैसे पडत नाहीत. तेव्हा शनिवारवाल्यांना आणि इतर सर्वांनाच विनंती: रक्त कधीही द्या, पण फॉर्मवर नंबर स्वतःचा लिहा. एवढं करूनही काउंटरवर विचारायची लाज वाटत असेल, तर 1097 हा एड्सचा मोफत हेल्पलाइन क्रमांक आहे. तिथे नाव विचारत नाहीत, आणि मित्रासाठी विचारलं तरी नीट उत्तर देतात.